भाऊजींचे कान

इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी १९७५

ताईस इंद्रभानचा सप्रेम जयभीम.

पोचल्याबरोबर कार्ड टाकतो असं गाडीच्या खिडकीतून तुले ओरडून सांगितलं होतं. ते कार्ड अजून खिशातच हाय, त्याचे कोपरे मऊ पडले. अकोल्याले गाडी बदलताना लिहीन म्हटलं, तं फलाटावर एक माकडवाला भेटला. त्याची माकडीण आजारी होती आणि तो तिले बिडीचा धूर देऊन राह्यला होता. मी म्हटलं, बावा, असं नको करू, मी सर्कशीत हत्तीचं चारापाणी केलेला माणूस हाय, जनावराचं मले समजते. बोलता बोलता मोठ्या लाईनीची गाडी लागली. पण खरं सांगू का, माकडवाल्याचा काही दोष नाही. लिहाले बसलो का हात अडे. मले भेव वाटून राह्यलं ताई, आणि भेव कार्डावर लिहिलं तं पोस्टमन वाचन, मंग सारं जऊळका वाचन. म्हणून आज हे बंद पत्र घेतलं.

भाऊजी आणि मी गोविंदाच्या ओसरीवर उतरलो. आपल्याच गावचा, आता इथल्या कापडाच्या मिलमध्ये हाय, तुले ठाऊकच हाय. त्याची बायको रुपाबाई दोघायलेही ऊन भाकर देते आणि मले टोमणे देते. "चांगला धडधाकट दिसतो, कायले गावोगाव फिरतो? तुले बी कोणी तपासलं पायजे," म्हणे.

आता दवाखान्याचं. कापसाच्या जीनमध्ये ती नळी फुटून भाऊजीचे कान गेले, त्याच्या दाव्यासाठी अकोल्याच्या भरपाईच्या साहेबानं जो कागद देला, तो दाखवल्यावर आमाले एका टोकाच्या खोलीत पाठवलं. तिथं डॉक्टर नाही, एक बाई बसतात. तरुण हायेत, मैसूरले शिकून आल्या, पण बोलतात आपल्यासारख्याच. त्याईचं काम फक्त कान मोजाचं. डॉक्टर कानात पाहून पडदा फाटला का ते सांगते, पण माणसाले खरंच किती ऐकू येते हे ह्या बाई सांगतात, आणि साहेब त्याईचंच धरतो. खोलीच्या आत दुसरी खोली हाय, लाकडाच्या कपाटासारखी. दार लावलं का बाहेरचा कावळासुद्धा बंद. भाऊजीले तिथं बसवलं, डोक्यावर दोन डबड्या घातल्या, आणि सांगितलं का बारीक शिटी आली का बोट वर कराचं.

त्याआधी जे झालं ते आइक. जीनचा मुनीम भगवंतरावही आला हाय. जीनमालक शेठ हिरालालनं मुद्दाम पाठवला. आमी बाकावर बसलो होतो, तं तो समोर येऊन उभा राह्यला आणि हसत म्हणे, "काय देवमन, चहा घेतो का?" भाऊजी सरळ म्हणे, "नाई जी, झाला आताच."

झालं! मुनीमानं शिपायाले, पेशंटायले, सगळ्यायले गोळा केलं. "पाहा! ह्या बहिर्‍याले चहा ऐकू येते!"

ताई, तुले मले ठाऊक हाय का भाऊजीनं त्याचे ओठ पाह्यले. जीनमध्ये मशीन सुरू झाल्या का कोणालेच काही ऐकू येत नाही, तवा सगळेच ओठ पाहून बोलतात. पण हे त्या लोकायले कसं पटन? मुनीम मले कोपर्‍यात घेऊन म्हणे, "खोटं निघालं तं चारसोबीस लागते. तुयी बहीण, तू, सगळे आत जासान."

म्हणून मी डोकं चालवलं. भाऊजीले बजावलं का बाईसमोर मान खाली घालाची, कोणाच्या तोंडाकडे पाहाचं नाही, कोणी काही इचारलं तं गप. ओठ वाचता येतात हे समजलं तं मेलो. त्याईनं तसंच केलं. पण बाईच्या कपाळावर आठी आली. त्या म्हणे, "बाहेर बोलतात, इथं दगडासारखे बसतात. शिटी नसताना बोट वर करतात, असताना करत नाहीत. एका वेळचे आकडे दुसर्‍या वेळी जुळत नाहीत. शुक्रवारी चोवीस तारखेला परत आणा. तेव्हाही असंच झालं तर मला लिहावं लागेल की माणूस भरवशाचा नाही."

भरवशाचा नाही! आपले भाऊजी!

तू काळजी करू नको. बेबीले पापा.

तुझा इंद्रभान


जऊळका
१५ जानेवारी १९७५

चि. इंद्रभानास अंजनाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. तोवर मी रोज पोस्टमनच्या सायकलीची वाट पाहत होती आणि तू माकडाची दवा करत होता. आत्याबाईनं पत्र वाचून दाखव म्हटलं. मी वाचलं, पण भलतंच वाचलं. देवमन मजेत हाय, डॉक्टर चांगला हाय, नागपुरात संत्री स्वस्त हायेत. म्हातारी खूश झाली आणि सगळ्या गल्लीले सांगून आली. आता ते संत्री आणजो, नाही तं माझं खोटं उघडं पडन.

इकडं काय झालं ते सांगते. जीनमधले दोन माणसं सायकलीवर आले होते. मारुतीच्या पाराजवळ बसले आणि एकाएकाले इचारत होते, देवमनले मागून हाक मारली तं पाहते का, पोरगी रडली तं उठते का. लोकं काय, चहा पाजणाराच्या बाजूनं बोलतात. शेजारच्या हरिसिंगानं सांगितलं म्हणे का होय, कधी कधी पाहते. तुमी निघाच्या आधी गल्लीतले पोट्टे तुझ्या भाऊजीच्या मागे टिनाचा डबा वाजवत, ते तुनं पाह्यलं हाय. तवा मी त्या पोट्ट्यायले झाडूनं मारलं. आता मी तुले जे लिहिते ते वाचून फाडून टाक. चुलीत टाक.

निघाच्या आदल्या दिवशी मी चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. दाराकडे माझी पाठ. ते मागे बाजेवर बसले होते. मले एकदम रडू आलं. मोठ्यानं नाही, आतल्या आत, पण आवाज होताच. आणि ते बाजेवरून उठून आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

इंद्रभान, त्याईले कसं समजलं?

त्याईनं माझं तोंड पाह्यलं नव्हतं. मी तवापासून सारखा तोच इचार करते. वर्ष झालं, मी ह्या माणसासंग हातवारे करून जगते. जोरानं बोलून माझा गळा बसला. पोरगी पहिल्यांदा बाबा म्हणाली ते त्याईले ऐकू आलं नाही म्हणून मी रडली. आणि हे सगळं सोंग असन तं? मंग मी कोणासंग राह्यली? भरपाई गेली चुलीत. मले हे समजलं पायजे.

तू त्याईच्या संग रात्रंदिवस हायेस. नजर ठेव. खरं काय ते मले लिही. पण त्याईले हे कळू देऊ नको. तुले शपथ हाय.

अंजना


इंदोरा, नागपूर
१९ जानेवारी १९७५, रविवार

ताईस जयभीम.

तार कराले पोस्टात गेलो होतो. फॉर्म हातात घेतला आणि परत ठेवला. गावात तार आली का पयले रडतात, मंग वाचतात. म्हणून पत्रच लिहितो. तू बसून वाच.

भाऊजी सापडत नाहीत.

पयल्यापासून सांगतो. तुझं पत्र वाचल्यापासून मले चैन नव्हतं. शनिवारी सकाळी ते ओसरीवर दाढी करत होते, पाठ माझ्याकडे. रुपाबाईची पितळेची परात कोनाड्यात उभी होती. मी ती काढून हातभर उंचीवरून फरशीवर सोडली. अशी वाजली का रुपाबाई आतून शिव्या देत आली. आणि भाऊजीनं मान फिरवली. लगेच. गालावर साबण तसाच.

ताई, म्हणजे ऐकू येते! म्हणजे बाई म्हणते तेच खरं, मुनीम म्हणते तेच खरं, आणि चोवीस तारखेले आपण सगळे पकडल्या जाऊ. मले कोर्ट दिसाले लागलं, बेडी दिसाले लागली. मी त्याईच्या समोर जाऊन बोललो. काय बोललो ते आता नीट आठवत नाही. जास्त काही नाही. एवढंच का भाऊजी, आता तरी खरं सांगा. त्याईनं माझे ओठ शेवटपर्यंत पाह्यले. तोंडावरचा साबण पुसला, वस्तरा धुतला, डबीत ठेवला.

मी बाहेर गेलो. खरं तं राग आला का मी बाहेर जातो, तुले ठाऊक हाय. सीताबर्डीकडे गेलो, तिथं एक जण पोपट विकत होता जो मालकाचं नाव घेई, ते पाहत उभा राह्यलो. परत आलो तं भाऊजी नाहीत. पिशवी हाय, घोंगडं हाय, चपला नाहीत.

कालपासून शोधून राह्यलो. गोविंदानं मिलमधली पाळी बुडवली. स्टेशन पाह्यलं, बसस्टँड पाह्यला, दीक्षाभूमीचं मैदान पाह्यलं. इंदोर्‍याच्या पलीकडे रेल्वेचे रूळ हायेत आणि लोकं त्याच्यावरूनच जाणंयेणं करतात. मी तिथं उभा होतो आणि मागून इंजिन आलं. शिटी ऐकून मी बाजूले झालो. बाजूले झालो आणि तिथंच खाली बसलो. ज्याले शिटी ऐकू येत नाही तो काय करन?

आणि हे लिहिताना मी काय लिहिलं ते पाय. मीच म्हणतो ऐकू येते, आणि मीच म्हणतो येत नाही. मले काहीच समजत नाही ताई. खोटा असला तरी चालन, फक्त सापडावा.

दवाखान्यात गेलो नाही. आज रविवार, बंद असन. आणि उघडा असता तरी बाईले काय सांगू? माणूस पळाला? मंग तं खोटा हाय हे शाबीतच झालं. मुनीम तिथंच बाकावर बसून राह्यते.

आत्याबाईले सांगू नको.

इंद्रभान


जऊळका
२२ जानेवारी १९७५

इंद्रभान,

ते इकडे आले नाहीत. छोट्या लाईनीच्या प्रत्येक गाडीले मी स्टेशनावर जाऊन उभी राहते. बेबीले घेऊन. मास्तरनं इचारलं, कोण येणार हाय? मी म्हटलं, भाऊ.

आत्याबाईनं पत्र वाच म्हटलं. मी वाचलं. संत्री, थंडी, गोविंदाची तब्येत. मी पदरानं डोळे पुसले तं म्हातारी म्हणे, अंजना, संत्र्याचं वाचताना काहून रडतं?

आता तू कान देऊन आइक. तुनं त्याईले सांगितलं. माझं नाव घेऊन सांगितलं. तू लिहितं का जास्त काही बोललो नाही, पण मी तुले लहानपणापासून ओळखते, तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही. मुनीमानं खोटा म्हटलं तं ते हसले असते. तुनं म्हटलं असतं तरी सोसलं असतं. माझं नाव ऐकून, नाही, पाहून, ते गेले.

आणि दुसरं. ते ओठ वाचतात हे तू लपवाले काहून सांगितलं? ती काय चोरी हाय? तुले जीनचं काही ठाऊक नाही, तू तिथं एक हंगामही टिकला नाही. मी लग्नाच्या आधी तिथं मशीनीत कापूस टाकाचं काम करत होती. आमी बाया दिवसभर बोलत होतो आणि कोणाचा आवाज निघत नव्हता. कपाळावर बोट आडवं ओढलं का शेठ आला. पोटावर हात ठेवला का जेवाची सुटी. बाकी सगळं ओठावर. नव्या पोरीले आठपंधरा दिवसात येते. घरी आल्यावरही आमी तशाच बोलाचो, आई आपली वैतागे, मुक्या झाल्या का माया पोरी म्हणे.

तुझे भाऊजी तवा मशीनीले तेल देत होते. त्याईनं मले लग्नाचं इचारलं ते मशीन चालू असताना, पट्ट्याच्या पलीकडे उभं राहून. आजूबाजूले वीसपंचवीस जणी होत्या, त्या सगळ्यायनं वाचलं, आणि सगळ्या हसल्या. मी इतकी लाजली का कापसाची टोपली उलटली. तू हे कोणाले सांगशीन तं याद राख.

हे सांगते कारण ते जे करतात ते जीनमधले सगळेच करतात. ती बाई शिकलेली हाय, तिले सांगितलं तं समजन. तुमी लपवलं म्हणूनच त्याईचं तोंड चोरासारखं झालं. आपण गरीब लोकं असेच असतो. आपल्याजवळ जे चांगलं हाय तेच आधी लपवतो, कोणी त्याच्यावरून पकडन म्हणून.

हे पत्र भेटल्याबरोबर बाईकडे जा. सगळं सांग. परातीचंही सांग. मी त्याईच्यावर संशय घेतला तेही सांग. बेडी घालाची तं मले घालू दे.

आणि सापडले का त्याच घडीले कळव. तार कर. मी रडणार नाही, पयले वाचीन.

अंजना


इंदोरा, नागपूर
२५ जानेवारी १९७५

ताई,

तू मले मारशीन. भाऊजी सोमवारीच सापडले होते. तुझं पत्र येण्याच्या आधीच. तार टाकाले मी निघालोही होतो, पण त्याईनं हात धरून थांबवलं. म्हणे, "चोवीसचं होऊ दे. तवर अंजनाले काय सांगशीन? अर्धं कायले सांगतं?" मले तेही पटलं. मंग तुझं पत्र आलं, त्यात तार कर लिहिलं होतं, ते वाचून माझी इतकी गाळण उडाली का मी आणखीनच काही केलं नाही. आता पुरतं लिहितो.

सोमवारी मी बाईकडे गेलो, कारण जाले दुसरी जागाच उरली नव्हती. दारात पाऊल टाकलं तं आत भाऊजी! खुर्चीवर बसलेले, आणि बाई त्याईच्या समोर बसून काहीतरी बोलून राह्यल्या, पण आवाज नाही. नुसते ओठ. भाऊजी म्हणे, "नाई, असं नाई, तोंड मोठं उघडू नोका. मोठं उघडलं का वाकडं दिसते." बाई हसून राह्यल्या.

शनिवारी ते सरळ दवाखान्यातच आले होते. बाईची खोली बंद होती. परत आपल्या ओसरीवर याची इच्छा नव्हती, म्हणून दवाखान्यातच पेशंटच्या नातेवाइकायच्या शेडमध्ये पडून राह्यले. सोमवारी बाई आल्या तं दारातच त्याईले सांगितलं का मी ओठ पाहतो, माझ्या साळ्यानं लपवाले सांगितलं होतं, आता मी लपवत नाही. तू जे मले पत्रात लिहिलं ते त्याईनं तुझ्या आधीच केलं.

बाई मले म्हणाल्या, "अहो, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तोंडावर कागद धरून बोलले असते. लपवलंत म्हणून मला वाटलं सोंग आहे."

मी परातीचं इचारलं. बाईनं मले भिंतीकडे तोंड करून उभं केलं, कानात कापूस कोंबला, वरून हातानं दाबले, आणि शिपायानं मागे लोखंडी स्टूल आपटला. ताई, मले तळपायातून समजलं. पाय म्हणाले, मागे काहीतरी पडलं. भाऊजी तवा अनवाणी होते. मी त्याईच्या पायाच्या खबरीवर त्याईले चोर ठरवलं.

आणि तुझं. हो, मी तुझं नाव घेतलं होतं. ताईलेही वाटते का तुमी सोंग करता, असं म्हटलं होतं. पहिल्या वेळी तुले लिहिलं नाही. मी भाऊजीले आता इचारलं, तवा तुमाले चुलीपाशी कसं समजलं? ते म्हणे, "बेबी माह्या समोर बसली होती. ती मायकडे पाहत होती. तिचं तोंड वाकडं झालं, तवा मले समजलं मायचं काही झालं." एवढंच. पोरीचं तोंड पाहून.

मंग काल शुक्रवारी खरी तपासणी झाली. मुनीमही होता, गोविंदाही आला होता. बाई म्हणाल्या, बसा, पाहा, तुमच्यासमोर करते.

पयले त्याईनं शिटी बदलली. भाऊजीच्या डोक्यात दिवसरात्र जीन चालू असते म्हणे, एक बारीक सुर्र आवाज, तो कधीच थांबत नाही. म्हणून शिटी कोणती आणि डोक्यातली कोणती हे समजे नाही, आणि बोट उगाच वर जाई. त्याईनं हे कधी कोणाले सांगितलं नव्हतं. तुले सांगितलं का? बाईनं शिटी तुटकतुटक केली, टीं टीं टीं, तं आकडे जुळले. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. एका कानाचं काहीच नाही, दुसर्‍यात मोठा आवाज थोडासा.

मुनीम म्हणे, "बोट तं कोणीबी हलवन. हे ठरवून करते."

बाई म्हणाल्या, मग हे पाहा. आधी मले खुर्चीत बसवलं. डबड्या घातल्या आणि म्हणाल्या, काही पाठ आहे ते म्हणा. मी पंचशील म्हणाले लागलो. मधातच त्याईनं बटन फिरवलं आणि कानात असा गोंगाट सुटला, जसं टिनावर गारपीट. मी म्हणत राह्यलो. शिपाई हसाले लागला, मुनीमही हसला. मले वाटलं मी नेहमीसारखाच बोलून राह्यलो, पण गोविंदा म्हणे तू बोंबलून राह्यला होता, बाहेरच्या बायका दारात आल्या. बाई म्हणाल्या, ज्याला ऐकू येतं त्याचा आवाज गोंगाटात आपोआप चढतो. माणूस ठरवूनही तो आवरू शकत नाही.

मंग भाऊजी बसले. तेही पंचशील म्हणाले लागले. तुले ठाऊक हाय ते किती हळू म्हणतात. बाईनं बटन फिरवलं. गोंगाट इतका का डबड्यातून बाहेर आमाले ऐकू येई. आणखी फिरवलं. मुनीम पुढे वाकला. भाऊजीचा आवाज जसा होता तसा. एक केसभर वर नाही, एक केसभर खाली नाही. डोळे मिटून म्हणत होते, जसे विहारात म्हणतात.

ताई, मले सुटल्यासारखं वाटाले पायजे होतं. बेडी टळली, दावा वाचला. पण मले तवा खरं भेव वाटलं. इतके दिवस मी ते खोटे निघतील म्हणून भेलो होतो. आणि ते खरे निघाले ते याहून भेवाचं होतं. तो एवढा गोंगाट त्याईच्या कानाले लागून होता आणि त्याईच्यापर्यंत पोचला नाही. मंग आमी काय पोचणार? वर्षभर आमी त्याईच्या मागे डबे वाजवले, पराती पाडल्या, आणि तो माणूस आत एकटा बसला हाय, आणि आत जीन चालू हाय, आणि ते बंद कराचं बटन कोणापाशीच नाही. मी बाईले इचारलं, हे बरं होईन का? त्या म्हणाल्या, "मी मोजते हो. बरं करता येत असतं तर मोजलं नसतं."

मुनीमानं तरी हार मानली नाही. लगेच म्हणे, "बरं, बहिरा हाय हे मानलं. पण तो नळी फुटाच्या आधीच मशीनीच्या आवाजानं झाला असन. तसे तं आमच्याकडं सगळेच हायेत." जीन सगळ्यायलेच बहिरं करते हे त्यानं आपल्याच तोंडानं कबूल केलं. बाईनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाह्यलं का तो आपलंच बोलणं गिळाले पाहत होता. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही साहेबांसमोर सांगाल का? मला वाटतं जरूर सांगा." त्याईनं जे पाह्यलं ते त्या लिहिणार हायेत. साहेब काय ठरवन ते ठाऊक नाही. मुनीम संध्याकाळच्या गाडीनं वाशीमले गेला, आणि तो शेठले काय सांगन याचं भेव मले हायच. भाऊजीले परत जीनमध्ये घेणार नाहीत, हे तं दिसतच हाय. गोविंदा म्हणते इथं मिलमध्ये इचारू. मीही म्हटलं, मीही थांबतो. आतापर्यंत कुठं थांबलो नाही, पण भाऊजीसंग रस्त्यानं चालणारा कोणी पायजे, रुळाच्या बाजूनं.

भाऊजी तुझ्याबद्दल काही बोलत नाहीत. मी तुझं पत्र त्याईले दाखवलं, ते लग्नाचं इचारलं तेही होतं त्यात, माफ कर. त्याईनं वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. राग गेला का नाही ते मले त्याईच्या तोंडावरून समजत नाही. मले तसं वाचता येत नाही.

आत्ता ते अंगणात बसले हायेत, पाठ गल्लीकडे. आत्याबाईसाठी घेतलेली संत्री निवडून राह्यले, दबलेली एकीकडे, चांगली एकीकडे. मी ओसरीवर लिहून राह्यलो. हे आजच पोस्टात टाकतो, शपथ, ह्या वेळी खरंच.

गल्लीत सायकलरिक्षा थांबली. रुपाबाई आतून म्हणते, "इंद्रभान, पाय जरा, कोणाकडं पाहुणे आले." मी मान वर केली.

ताई, तू हायेस.

कडेवर बेबी, हातात पेटी, लुगड्यावर कोळशाची भुकटी. तू अकोल्याच्या पुढे कधी आली नव्हती. मी हात वर केला, पण तू माझ्याकडे पाह्यलं नाही. तू अंगणाच्या तोंडाशी थांबली आणि त्याईच्या पाठीले हाक मारली. त्याईनं एक संत्र उचललं, फिरवून पाह्यलं, खाली ठेवलं. तू पुन्हा हाक मारली, मोठ्यानं, रुपाबाई दारात आली. त्याईनं दुसरं संत्र उचललं.

तिसर्‍यांदा तू हाक मारली नाही. पेटी तिथंच ठेवली, आणि आता तू वळसा घालून त्याईच्या समोर चालली.